आमचे हे आणि मुकी गाडी

आमच्या ह्यांना माणसांपेक्षा खेळण्यातल्या आगगाड्या जास्त कळतात. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. तक्रारी करून झाल्या, त्या ह्या कानाने शिरून त्या कानाने गेल्या. सांगते एवढ्याचसाठी, की पुढे ह्यांनी जो घोळ घातला तो का घातला, हे वाचणाऱ्याला कळावं.

पूर्वी हे शिवणयंत्रं दुरुस्त करायचे. आमची ओळखही त्यातूनच झाली. मी तेव्हा घरी कपडे शिवायची. मशीन टाके सोडायला लागलं म्हणून निरोप पाठवला, तर हे हत्यारांची पेटी घेऊन हजर. सगळं मशीन खोललं, पुसलं, तेल घातलं, पुन्हा जोडलं आणि 'उद्या परत यावं लागेल' म्हणून गेले. असे बरेच उद्या झाले. बिघाड काय, तर मी सुई उलटी बसवली होती. ते ह्यांना आल्या आल्या दिसलं होतं, हे लग्नानंतर कबूल केलं. माझी आई मात्र शेवटपर्यंत म्हणायची, जावई स्वभावाने सोन्यासारखा आहे, कामाला तेवढा जरा मंद.

पुढे लोक तयार कपडे घ्यायला लागले आणि घरोघरची मशिनं कोपऱ्यात जाऊन बसली. ह्यांच्या हाताला काम उरेना. अशात एका गिऱ्हाइकाने चावीवर चालणारं पत्र्याचं जुनं इंजिन आणून दिलं. यातही स्प्रिंगच आहे, बघता का, म्हणाले. ह्यांनी बघितलं, आणि आमच्या जेवणाच्या टेबलाचा तिथेच निकाल लागला. आता त्या टेबलावर रूळ, डबे, चाकं, रंगाच्या डब्या, आणि उरलेल्या कोपऱ्यात आमची दोन ताटं. एकदा माझ्या चहाच्या तळाशी बारीकसा स्क्रू निघाला. मी बोलायला तोंड उघडते तोच हे आनंदाने म्हणाले, "सापडला." सगळी गल्ली ह्यांना इंजिनकाका म्हणते. मला अजून कुणी इंजिनकाकू म्हटलेलं नाही, तेवढी माझी जरब आहे.

ह्यांचा नियम एकच. गाडी कारखान्यातून जशी बाहेर पडली, तशीच ती पुन्हा दिसली पाहिजे. त्यासाठी रंगीत चित्रांचं एक जुनं पुस्तक जपून ठेवलेलं आहे. कुठल्या गाडीला कसली चिमणी, कुठल्या डब्याला किती खिडक्या, सगळं त्यात. मधल्या काळात कुणी गाडीत काही फेरफार केलेला असला, की ह्यांचं डोकं फिरतं. कुणी लाल इंजिनाला दाराचा उरलेला हिरवा रंग फासलेला असतो. कुणी कपाटाखालून गाडी जावी म्हणून चिमणीच अर्धी कापलेली असते. कुणी डबे जोडायच्या तुटलेल्या आकड्याच्या जागी खिळा वाकवून बसवलेला असतो. ह्या सगळ्याला हे 'उचापती' म्हणतात आणि ब्लेड घेऊन खरवडायला बसतात. "ज्याला गाडी बनवता येत नाही, तो तिच्यात सुधारणा करतो," हे ह्यांचं ठरलेलं वाक्य. ज्यांनी फेरफार केले ती माणसं जणू ह्यांच्या घरात चोरी करून पळालीत, अशा आवाजात ते बोलतात.

माझा धंदा उलटा. मी आता नवे कपडे फारसे शिवत नाही. सैल करणं, आवळणं, उसवून पुन्हा बेतणं, हेच काम येतं. दुसऱ्या शिंप्याने केलेला बदल हाती आला की मी आधी विचार करते, ह्याने असं का केलं असेल. एका सदऱ्याची एकच बाही आखूड केलेली होती. घाईत असते तर दोन्ही बाह्या सारख्या करून मोकळी झाले असते. पण सदऱ्याचा मालक आला तेव्हा बघितलं, तर त्याचा एक खांदा चांगलाच उतरता होता. ही गोष्ट मी ह्यांना मुद्दाम सांगितली. हे म्हणाले, "कपड्यांचं वेगळं. कपड्यांत माणूस असतो." मी बरं म्हटलं आणि मशीन चालू केलं.

तर एके दिवशी बेकरीवाल्या ताई आल्या. कोपऱ्यावरची बेकरी त्यांची, म्हणजे आधी त्यांच्या वडिलांची. वडील जाऊन बरीच वर्षं झाली. आई मात्र आत्ता आत्तापर्यंत होती आणि नुकतीच गेली. तिचं कपाट आवरताना बिस्किटांच्या जुन्या डब्यात ही गाडी सापडली म्हणाल्या. एक इंजिन, मागे कोळशाचा छोटा डबा, दोन प्रवासी डबे आणि लांबट गोल मांडायचे रूळ. ताई आणि त्यांचा भाऊ लहानपणी ह्याच गाडीशी खेळायचे. भाऊ आता दूर गावी असतो. गाडीला चावी बसत होती, पण चाकं हलत नव्हती.

"चालली पाहिजे, काका," ताई म्हणाल्या. "बाकी काही नको. एकदा चालताना बघायचीय."

त्या 'बाकी काही नको' म्हणाल्या, हे मी माझ्या कानांनी ऐकलं. ह्यांनीही ऐकलं असणार. पण तोवर ह्यांनी इंजिन उलटं करून डोळ्याला भिंग लावलं होतं, आणि भिंग लागलं की ह्यांचे कान बंद होतात.

दुसऱ्या दिवशी मला हाक आली. "अगं, इकडे ये. उचापतींची हद्द बघ."

मी चष्मा लावून बघायला गेले. चाकांवर सायकलच्या ट्यूबच्या बारीक पट्ट्या गोल बसवल्या होत्या. रबर वाळून दगड झालं होतं, त्यानेच चाकं अडकली होती. इंजिनाच्या पोटात एक छोटी घंटा होती. गाडी चालली की एक इवलीशी हातोडी तिच्यावर टोले देणार, अशी मूळची रचना. त्या हातोडीला कुणीतरी दोरा गुंडाळून गुंडाळून गलेलठ्ठ करून ठेवलं होतं. कोळशाच्या डब्यात शिशाचा जाड पत्रा दाबून बसवला होता. आणि प्रत्येक रुळाखाली जुन्या कांबळ्याचे तुकडे दोऱ्याने बांधलेले. हे पोट धरून हसत होते. धावणाऱ्या गाडीत वजन भरून तिला मंद करायचं, घंटेला मुकं करायचं, आणि वर रुळांना अंथरूण घालायचं. ह्या माणसाला गाडी हवी होती की मांजर, असं त्यांनी मला विचारलं.

मला हसू आलं नाही. मी चाकावरचं रबर बघत होते. पट्टीची दोन टोकं एकमेकांना शिवलेली होती, आणि गाठ आतल्या बाजूला घेतली होती. म्हणजे चाक फिरताना गाठ रुळावर आपटू नये. टाके इतके बारीक, की मला दोनदा बघावं लागलं. "हे बाईमाणसाचं काम आहे," मी म्हटलं. "आणि रिकामटेकड्या बाईचं नाही. काहीतरी कारण असेल. विचारा त्यांना."

"कारण काय असायचंय," हे म्हणाले. "हौस."

मग ह्यांनी नेहमीप्रमाणे कामाला हात घातला. वाळलेलं रबर चिमट्याने काढताना त्याचा भुगा झाला. कांबळ्याचे तुकडे कसरीने खाल्लेले होते, ते दोरे कापून टाकून दिले. शिसं निघालं. घंटेच्या हातोडीवरच्या दोऱ्याचं एक टोक ओढलं, तर सगळा दोरा सरसर सुटला. तिथे गाठच मारलेली नव्हती, टोक नुसतं आत खोचलं होतं. सगळा कचरा केराच्या टोपलीत गेला आणि टोपली सकाळी रिकामी झाली. रूळ घासून आरशासारखे झाले. शेवटी ह्यांनी मला बोलावून चावी दिली, तेव्हा गाडी टेबलावरून अशी सुसाट धावली, की माझी कात्री खाली पडली. घंटाही खणखणीत वाजत होती. हे शीळ घालत होते. खरं सांगते, ह्यांना इतकं खूश बघून मलाही बरं वाटलं, आणि शिवणीचं ते सगळं मी विसरून गेले.

ताई आल्या तेव्हा ह्यांनी आधी त्यांना खुर्ची दिली. मग जादूगाराच्या थाटात वरचं फडकं काढलं. ताई इंजिनाच्या रंगाकडे कौतुकाने बघत होत्या. ह्यांनी चावी दिली आणि सोडलं. गाडी खडखडत सुटली, घंटा वाजायला लागली.

ताईंचा हात झपकन पुढे आला. त्यांनी धावतं इंजिन पकडून पदरात घेतलं, दुसऱ्या तळव्याने दाबून धरलं आणि आमच्या मागच्या खोलीच्या पडद्याकडे बघत दबक्या आवाजात म्हणाल्या, "बाबा उठतील."

पदरात चाकं अजून फिरत होती. ती थांबली. मग ताईंनाच लाज वाटली. पन्नाशी उलटलेली बाई, वडील जाऊन इतकी वर्षं झालेली, आणि मी काय हे बोलून गेले, असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. त्यांनी इंजिन उलटंसुलटं करून पाहिलं.

"आमच्या गाडीला घंटा होती?" त्यांनी विचारलं. "ही आमचीच आहे ना, काका? आमची आवाज नाही करायची."

ह्यांना वाटलं, ताईंना समजावून सांगायला हवं. म्हणून त्यांनी सगळं सांगितलं. चाकांचं रबर, हातोडीचा दोरा, शिसं, कांबळं, कुणीतरी कशी गाडीची वाट लावली होती आणि आपण ती कशी मूळपदावर आणली. सांगता सांगता त्यांचा आवाज बारीक होत गेला, कारण ताईंचे डोळे भरून आले होते.

मग ताईंनी सांगितलं, त्यांचे वडील रात्रभर भट्टीपुढे उभे असायचे आणि दिवसा झोपायचे. बेकरीवर एकच खोली. त्याच खोलीत वडिलांचा पलंग आणि त्याच खोलीत दोन मुलं. एकदा झोप पुरी झाली नाही आणि भट्टीच्या दारावर हात टेकला, तो कोपरापर्यंत भाजला. तेव्हापासून आईला एकच धास्ती, बाबांची झोप मोडता कामा नये. त्याच सुमारास कुणा नातेवाइकाने मुलांना ही गाडी दिली. आईने ती दोन दिवस आपल्याजवळ ठेवून घेतली होती, आणि मग खेळायला दिली.

"मला वाटायचं, खेळण्यातल्या गाड्या अशाच असतात," ताई म्हणाल्या. "मुक्या. म्हणजे ते आईने केलं होतं. काका, ते काढलेलं कुठाय?"

ह्यांनी टोपलीकडे बघितलं. टोपली रिकामी होती.

ताई रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं. आईने आपल्यासाठी काय केलं होतं हे त्यांना ज्या घटकेला कळलं, त्याच घटकेला ते आता उरलेलं नाही हेही कळलं. त्या इंजिनावरून नुसता हात फिरवत राहिल्या, मग ते हळूच टेबलावर ठेवलं आणि म्हणाल्या, "राहू दे इथेच." आणि गेल्या.

त्या दिवशी हे आधी तावातावाने भांडले. मी बिघडवली नाही, सुधारली, कुणालाही दाखवा, असं मला आणि भिंतीला बजावून झालं. मग जेवताना घास हातातच राहिला. माझ्या जिभेवर एक चांगलं झणझणीत वाक्य आलं होतं, पण ह्यांचं तोंड बघून ते गिळलं. इतक्या वर्षांत हा माणूस कुणाचं वाईट करून आला असं कधी झालं नव्हतं, आणि आज झालं होतं तेही कौतुकाने करायला जाऊन. मला त्यांची फार दया आली.

दुसऱ्या दिवशी हे बेकरीत गेले. पाव घ्यायचा नव्हताच. काउंटरपाशी उभं राहून त्यांनी ताईंना विचारलं, मी ते सगळं पुन्हा करून बघू का. ताई म्हणाल्या, कसं होतं ते तुम्हाला आठवतंय का. हे म्हणाले, सोडवलंय माझ्याच हातांनी, हाताला आठवेल. मग ताईंनी त्यांना वर नेऊन खोली दाखवली. खोली अजून तशीच आहे, खाली फळ्यांची जमीन आणि भिंतीशी तोच पलंग. हे पलंगापासून ताईंनी दाखवलेल्या रुळांच्या जागेचं अंतर पावलांनी मोजून आले. घरी आले ते विचारात पडलेले. ते तोंड मला ओळखू येतं.

मग सुरू झालं आमच्या टेबलावरचं उलटं काम. चाळीसएक गाड्या मूळपदावर आणणारा माणूस एक मूळपदावर आलेली गाडी बिघडवायला बसला. रबराची टोकं आधी ह्यांनी आपल्या पद्धतीने चिकटवली. सांध्यावर चाक दर फेऱ्याला ठक्क करायचं. घासून बघितलं, तर सांधाच उलगडला. नवी ट्यूब जाड, चाक इंजिनाच्या अंगाला घासायचं. म्हणून सायकलवाल्याकडून झिजलेल्या जुन्या ट्यूबा आणल्या. शेवटी पट्टी माझ्यापुढे ठेवून हे म्हणाले, "तूच शीव. गाठ आतून घे." लग्नाला एवढी वर्षं झाली, पण एकाच कामावर दोघांची डोकी वाकली ती पहिल्यांदा. ह्यांनी चाक धरलं, मी टाके घातले. माझं बोट टोचलं तेव्हा ह्यांनी 'हं' केलं, जसं काही त्यांनाच टोचलं.

एकेक गोष्ट जागेवर गेली तसतसं तिचं कारण कळत गेलं. नुसतं रबर लावून गाडी वळणावर उलटायची. शिसं होतं ते तिला हळू करायला, म्हणजे ती पडून आवाज होऊ नये. नुसत्या कांबळ्याने रूळ हलायचे. म्हणून तुकडे आडवे न बांधता तिरके बांधले होते. हातोडीला दोरा गुंडाळताना हे मध्येच थांबले. एवढं सगळं शिवणारी बाई इथेच गाठ मारायला कशी विसरली, त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, विसरली नाही. वाढत्या अंगाच्या मुलाचा कपडा शिवताना आपण आत कापड राखतो ना, तसं आहे ते. कधीतरी नवऱ्याची रात्रपाळी सुटेल, तेव्हा मुलांनी टोक ओढावं आणि घंटा वाजवावी, म्हणून तिने ते मोकळं ठेवलं. ह्यांनी दोरा गुंडाळून टोक तसंच आत खोचलं.

गाडी तयार झाल्यावर आम्ही दोघं ती घेऊन बेकरीवरच्या खोलीत गेलो. दुपारची वेळ होती, खाली भट्टी शांत होती. ह्यांनी फळ्यांवर रूळ मांडले, पलंगापासून पूर्वी असायचे तेवढ्याच अंतरावर. मी दारात उभी राहिले. मला वाटत होतं, आता जर ताई म्हणाल्या की ही पण ती नाही, तर हा माणूस पुन्हा भिंग हातात घेणार नाही.

चावी दिली. गाडी निघाली, संथ, जड, एखाद्या पोक्त बाईसारखी. दारातून मला काहीच ऐकू येत नव्हतं. ताई गुडघ्यांवर बसून बघत होत्या. पहिला फेरा झाला, दुसरा झाला. मग त्या उठल्या आणि वडिलांच्या पलंगावर जाऊन आडव्या झाल्या. कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं, डोळे मिटले.

"बाबा असे निजायचे," त्या म्हणाल्या. "सोडा, काका, परत."

ह्यांनी सोडली. खोलीत आवाज म्हणून नव्हता. थोड्या वेळाने ताईंनी डोळे उघडले.

"ऐकू येतंय."

ह्यांचा चेहरा एकदम पडला.

"पलंगाच्या लाकडातून येतंय," ताई म्हणाल्या. "बारीक, घर्र घर्र. गाडी पायाशी आली की वाढतंय."

"माझंच काहीतरी राहिलं असेल," हे म्हणाले. "तुमच्या आईने केलं होतं ते ह्याहून चांगलं असणार. मी पुन्हा..."

"नाही, काका. हाच आवाज. आम्ही पालथे पडून खेळायचो, कान फळीलाच असायचा. मला चांगला आठवतो." त्यांनी पलंगाच्या कडेवर हात ठेवला. गाडी वळणावर आली, कलली आणि रुळावरून घसरून कांबळ्यावर आडवी झाली. ताईंचा हात लाकडावरच होता.

"हे पण कळतंय," त्या म्हणाल्या, आणि मग जरा थांबून बोलल्या. "संध्याकाळी उठल्यावर चहा पिता पिता बाबा विचारायचे, काय रे, आज गाडी दोनदा घसरली का? त्यांना कसं कळतं, ते आम्हाला कळायचं नाही. मला वाटायचं, आई सांगते. आईला वाटत असेल, आम्ही सांगतो."

ह्यांनी मान खाली घातली होती. मी दारातून आत आले आणि ह्यांच्याजवळ जमिनीवर बसले. ताई पलंगावरून उठल्या नाहीत. आणखी एकदा सोडा, एवढंच म्हणाल्या, आणि ह्यांनी इंजिन उचलून रुळावर ठेवलं आणि चावी दिली.